जमिनीचा दात

भूकंपानंतर आमची सगळी गल्ली रस्त्यावर झोपायला आली. ज्याला जिथं खांब सापडला, झाड सापडलं, तिथं त्यानं आपला जाळीचा झुला बांधला. पहाटे डोळे उघडावेत तर गल्लीभर झुलेच झुले, त्यांत पांघरुणात गुंडाळलेली माणसं, आणि वाऱ्यावर सगळी एका लयीत हलतायत. कधी वारा नसतानाही हलायची. मग समजायचं, खालची जमीन पुन्हा हलली. पण झुल्यातल्या माणसाला त्याचं काही वाटत नाही. त्याला वाटतं, कुणीतरी येता-जाता झोका दिला. त्या दिवसांत जाग कुठली आणि झोप कुठली हेच मला कळेनासं झालं होतं. बदामाचं पान तोंडावर पडायचं आणि मी आईच्या अंगणात आहे असं समजून कूस बदलायची.

मी ओडिलिया. इथं मला सगळे 'ना ओडिलिया' म्हणतात. बाईला मानानं 'ना' आणि बुवाला 'ता'. 'ना' म्हणजे मानाची बाई, म्हातारी नव्हे, हे आधीच सांगून ठेवते. मी मातीची खेळणी करते. नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी पोरांना मातीची बाहुली द्यायची आमच्याकडे रीत आहे. पोरींना घेरदार परकराची, डोक्यावर हंडा घेतलेली बाई, आणि पोरांना घोड्यावरचा स्वार. अंगभर पांढरा रंग, त्यावर लाल, निळे, सोनेरी ठिपके. ही खेळणी टिकायला केलेलीच नसतात. पोरं खेळतात, फोडतात, भोकाड पसरतात, आणि पुढच्या वर्षी मी नवी करते. माझं पोट त्या फुटण्यावरच चालतं.

हळूहळू लोक घरात गेले. घरात म्हणजे पत्र्याच्या खोलीत. जुनी कौलं, जुन्या विटा, सगळं मालमोटारींत भरून नदीकाठी ओतलं. मग उत्तरेचा वारा सुटला. तो ज्यानं पाहिला नाही त्याला सांगून उपयोग नाही. भरलेला ट्रक आडवा पाडतो तो. त्याच्या धाकानं उरलेसुरलेही आत गेले. बाहेर राहिली एकटी दालिला.

दालिला म्हणजे माझी शेजारीण मिनेर्वा हिची सात वर्षांची पोर. ती छपराखाली जायला तयार नव्हती. शाळा तंबूत भरायची, तर ही तंबूबाहेर उन्हात बसून वही लिहायची. दुकानदाराला रस्त्यावरून ओरडून सांगायची, साखर बाहेर आणून द्या. ताडपत्रीसुद्धा चालायची नाही. तिचा झुला एका बाजूनं बदामाला आणि दुसऱ्या बाजूनं विजेच्या खांबाला, वर नुसतं आभाळ. पोरगी वेडीबिडी झाली नव्हती. बोलायची, हसायची, दोन्ही हातांनी खायची. फक्त छप्पर आलं की तिचे पाय रस्त्याला चिकटायचे. उचलून न्यायला गेलं तर चावायची. मलाही चावली आहे.

भूकंपाच्या रात्री उकाडा होता म्हणून मायलेकी अंगणात झोपल्या होत्या. मिनेर्वाचे वडील, ता हासिंतो, आत त्यांच्या झुल्यात होते. तुळई त्यांच्यावर आली. याहून जास्त मला सांगवत नाही. भला माणूस होता. मला रोज चिडवायचा, की तुझ्या बाहुल्यांची कंबर बारीक आणि तुझी मात्र हंड्यासारखी.

आता वाऱ्यानं पोरीला खोकला धरला. धुळीनं डोळे लाल. मिनेर्वा शेजारी आपला झुला बांधून तिचं पांघरूण धरून बसायची आणि सकाळी तशीच तोतोपो भाजायला लागायची. तोतोपो म्हणजे आमची मक्याची कडक भाकर, बोटांनी भोकं पाडून मातीच्या भट्टीच्या आतल्या अंगाला थापतात. तिची भट्टी भूकंपात चिरली होती, नवी मी घडवून दिली. ती लिंपत असताना मिनेर्वानं मला सांगितलं, "इल्दाचा फोन आला होता. नव्या वर्षाला येतेय. जाताना दालिलाला तिहुआनाला घेऊन जाईन म्हणते."

इल्दा म्हणजे तिची धाकटी बहीण. देशाच्या पार वरच्या टोकाला, सरहद्दीपाशी, तिहुआनात एका कारखान्यात कामाला आहे.

"तिहुआनात घरांना छप्पर नसतं वाटतं?" मी म्हटलं.

"असतं. पण ते पडलेलं तिनं पाहिलेलं नाही." मिनेर्वा भट्टीच्या आत हात घालून मातीवरून फिरवत राहिली. "तिच्या छातीत घरघर होतेय. इल्दा येईपर्यंत ती आत आली तर ठीक. नाही तर मी तिला पाठवणार. मी कबूल केलंय."

वडील गेले, घर गेलं, आता पोर. तिच्या तोंडाकडे बघत मी माती मळत राहिले.

त्याच सुमाराला हिमेना आली. वाहाका शहरातली पोरगी, काडीसारखी, केस मुलासारखे कापलेले, आणि पाठीवर तिच्याहून मोठी पिशवी. बदामाखाली चटई टाकून बसली. मी विचारलं, काय विकतेस? तर म्हणते, "काही नाही. मी मुलांशी खेळायला आलेय."

"याचा पगार मिळतो?"

"संस्था देते, थोडासा."

"बघा! आणि आम्ही जन्मभर चिखल तुडवला."

ती हसली. मला ती तिथंच आवडायला हवी होती, पण मी इतक्या लवकर कुणाला आवडून घेत नाही.

पहिल्याच दिवशी तिनं एक मोठी निळी चादर काढली. पोरांनी चहूबाजूंनी कडा धरल्या, मध्ये लाकडी ठोकळ्यांची घरं रचली, आणि चादर हलवून ती पाडली. "पुन्हा! पुन्हा!" पोरांच्या किंकाळ्या, ठोकळे उडतायत, आणि त्यातला आब्दिएल नावाचा गुबगुबीत पोरगा तोंडानं इमारती कोसळल्याचा आवाज काढतोय. सगळ्या बाया हातातलं टाकून धावल्या. आमच्याकडे भूकंपाचं नाव असं मोठ्यानं घेत नाहीत. नाव घेतलं की तो येतो. मीही माझा आवाज लावला. "ए पोरी, लाज नाही वाटत? ज्यांच्या घरची माणसं गेली त्यांच्या पोरांना हा खेळ?"

"ना ओडिलिया," ती म्हणाली, "हा मी नाही शिकवला. मी नुसती चादर आणली."

"मग बंद कर."

"खरं ते झालं तेव्हा पोरांना कुणी विचारलं नव्हतं. इथं कधी हलवायचं आणि कधी थांबायचं, ते पोरं ठरवतात. जे पोटात मावत नाही ना, ते ती हातांनी बाहेर काढतात."

"पोटातलं बाहेर काढायला आमच्याकडे एरंडेल असतं!"

बाया खो-खो हसल्या. हिमेनाही हसली, पण तिनं पोरांकडे वळून हात वर केला. आब्दिएल ओरडला, "थांबा!" आणि सगळे हात थांबले. वाऱ्यानं चादर फुगली, क्षणभर हवेत तशीच राहिली, मग हलकेच खाली बसली. एक ठोकळा उभा राहिला होता. थांब म्हटलं आणि थांबलं, असं मी त्या वर्षी पहिल्यांदाच पाहत होते.

दुसऱ्या दिवशी हिमेना माती मागायला आली. मी पुष्कळ कटकट केली, नव्या वर्षाच्या बाहुल्या राहिल्यात, माती काय आभाळातून पडते, नदीकाठाहून मीच डोक्यावर वाहून आणते. आणि मग चांगला मोठा गोळा दिला. मोडक्या बाहुल्यांची टोपलीही दिली, कुणाचा हंडा वाकडा, कुणाचं नाक बसकं.

बदामाखाली छप्पर नव्हतं, म्हणून दालिला तिथं यायची. इतर पोरांनी गाड्या केल्या, भाकऱ्या केल्या, शवपेट्याही केल्या आणि त्यांच्या मिरवणुका काढल्या. दालिला रोज एकच गोष्ट करायची. मातीचा मोठा गोळा घ्यायचा, त्याला अंगठ्यानं खोल भोक पाडायचं, आणि माझ्या बाहुल्या एकेक करून त्यात सारायच्या. वरून माती लिंपायची. संध्याकाळी फोडायचं, सकाळी पुन्हा तेच. मला वाटलं, भट्टी असेल. मिनेर्वाला वाटलं, आजोबांची कबर असेल, आणि ती तिकडे बघायचंच टाळायची. हिमेना नुसती शेजारी बसायची. आपणही एक गोळा घेऊन उगीच वळत राहायची.

"तू विचारत का नाहीस तिला?" मी कुजबुजले.

"ती सांगेल."

"कधी? बस सुटल्यावर?"

वारा वाहत होता, बदामाची लाल पानं पोरीच्या केसांत अडकत होती, आणि ती बाहुल्या भरवत होती. हो, भरवतच होती. त्या दुपारी झुल्यात पडल्या पडल्या माझा डोळा लागत होता, आणि अर्धवट झोपेत मला दिसलं की तो गोळा हळूहळू चावतोय. मी दचकून उठले. पण उन्हाच्या भरात असं होतं, म्हणून कुणाला बोलले नाही.

इल्दा आली ती नव्या वर्षाच्या तोंडावर. चाकांची बॅग, काळा चष्मा, आणि परतीची दोन तिकिटं. पोरीला कवटाळून रडली, तिची छाती ऐकली आणि बहिणीवर उखडली, "ताई, ही हाडं राहिलीयत नुसती! आणि ही बाई इथं चिखल खेळवतेय?" तिचं चुकत नव्हतं. मायेनं आलेलं माणूस होतं.

त्याच दुपारी दालिला आपल्या गोळ्यापाशी बसली होती. इल्दा तिच्या कपड्यांच्या घड्या करत होती, रस्त्यावरच, कारण पोरगी आत येत नाही. टोपलीत एकही बाहुली उरली नाही. दालिलानं इकडे तिकडे पाहिलं.

हिमेनानं आपला गोळा खाली ठेवला. "याला आणखी काही हवंय?"

"अजून माणसं."

"पोट भरत नाही याचं?"

"याला पोट नाहीये. नुसतं तोंड आहे."

"अच्छा. आणि दात किती?"

दालिलानं बोट चिखलात बुडवलं आणि म्हणाली, "एकच. माझा."

तिचा खालचा पुढचा दात पडलेला होता, ती खिंड आम्ही रोजच बघत होतो. कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

मग तिनं सांगितलं, मान खाली घालून, माती वळता वळता. आमच्याकडे पोराचा दुधाचा दात पडला की तो कौलांवर फेकतात. उंदीर तो नेतो आणि स्वतःसारखा बळकट दात आणून देतो. दात जमिनीत मात्र कधी टाकायचा नाही. जमिनीला दात दिला की तिला चावायची सवय लागते, असं सगळ्या आया सांगतात. दालिलाचे आधीचे दात ता हासिंतोंनी फेकले होते. त्यांचा नेम चांगला होता. त्या संध्याकाळी हा दात पडला तेव्हा ते दमून झोपले होते. पोरीनं उठवलं नाही. स्वतःच फेकला. कौलावरून घरंगळून तो खाली आला. पुन्हा फेकला, पुन्हा आला. अंधारून आलं, आईनं हाक मारली, आणि तिनं भिंतीच्या पायाशी टाचेनं माती उकरून तो पुरून टाकला. त्याच रात्री जमिनीनं घर खाल्लं. आणि आजोबा.

"म्हणून मी आत जात नाही," ती म्हणाली. "मी आत गेले की तिला वास येतो. दात माझा आहे ना."

मिनेर्वा धावत आली आणि तिला छातीशी धरून रडायला लागली. "नाही गं बाळा, तुझी काही चूक नाही. शाळेत बाईंनी सांगितलं ना, समुद्राखालच्या प्लेटा सरकतात."

"मला माहितेय. पण त्यांना सरकवलं कुणी?"

ती आईच्या मिठीत लाकडासारखी उभी होती. इल्दा लाल होऊन ओरडली, "कुणी भरवलं हे असलं पोरीच्या डोक्यात?"

कुणी भरवायचं? मी भरवलं, मिनेर्वानं भरवलं, इल्दानं स्वतः तान्ह्या पोरीला मांडीवर घेऊन हेच सांगितलं असेल. आमच्या आयांनी आम्हाला सांगितलं, आम्ही हसत हसत पुढं दिलं. एवढी मोठी गोष्ट एवढ्याशा टाचेखाली घेऊन ही पोर उन्हात, वाऱ्यात एकटी उभी होती.

हिमेना मात्र पोरांकडे वळली. जमून आली होती सगळी. तिनं अगदी साध्या आवाजात विचारलं, "मग आता काय करायचं या जमिनीचं?"

आब्दिएलला विचार करावा लागला नाही. "दात काढून टाकायचा! माझा मामा पकडीनं काढतो."

"तुझा मामा गाड्या दुरुस्त करतो," कुणीतरी म्हणालं.

"मग? पकड तीच असते!"

दालिलानं मान वर केली. इतक्या महिन्यांत तिला कुणी हे सुचवलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बदामाखाली पोरांनी मातीचं तोंड करायला घेतलं, आडवं झोपलेल्या माणसाएवढं. मी लांबून बघायचं ठरवलं होतं. पण ते इतकं वाईट चाललं होतं की राहवेना. "तोंड असं असतं होय? हे तर चप्पल झालंय! सरका." मी हिरड्या घडवल्या, ओठ घडवले, जीभ केली. हिरडीत मधोमध दालिलानं एक दात बसवला, तिच्या मुठीएवढा. त्याला तिनं किती गोंजारून आकार दिला ते मी पाहिलं.

"खरा दात कुठाय पण?" आब्दिएलनं विचारलं.

"यातच असेल," दालिला म्हणाली. "आमचं घर नदीकाठी नेऊन टाकलं, आणि ना ओडिलिया माती तिथूनच आणतात."

माझ्या बोटांना तीच माती लागली होती.

"आता जमिनीचा आवाज कोण काढणार?" हिमेना म्हणाली, आणि सगळी पोरं माझ्याकडे बघायला लागली. आब्दिएल म्हणाला, "ना ओडिलिया, तुम्हीच काढा. तुमचा आवाज आधीच तसा आहे."

मेल्याला नव्या वर्षाला घोडा देणार नव्हते मी.

मी त्या तोंडामागे जमिनीवर आडवी झाले, गाल मातीला टेकवून. खाली गार होतं. वारा वरून जात होता, खाली कसलाच आवाज नव्हता. बदामाची सावली डोळ्यांवर हलत होती. मी कण्हायला लागले, "आई गं... ठणकतंय गं माझा दात..." पोरं खिदळली. कुणी माझी नाडी बघितली, कुणी मला पानांचं औषध पाजलं, कुणी "आ करा, आ करा" म्हणून ओरडलं. आब्दिएलनं मामाची खरी पकड आणली होती. मग आवाज थांबले. दालिला पकड घेऊन तोंडासमोर बसली.

"तू आजोबांना का खाल्लंस?" तिनं विचारलं.

मिनेर्वाच्या हातून भाकरी पडली. इल्दा पुढं झाली, हिमेनानं नुसता हात आडवा केला. मी तशीच पडून राहिले. आणि मग आवाज आला, माझाच, पण झोपेतून बोलावं तसा.

"मी खाल्लं नाही बाळा. मी झोपेत कूस बदलली. वर कुणी झोपलंय हे मला माहीतच नव्हतं."

"माझ्या दातामुळं बदललीस?"

"तुझा दात? केवढासा होता तो?"

दालिलानं बोटांनी दाखवलं. मला दिसत नव्हतं, पण तिनं दाखवलं असणार.

"अगं, माझ्या तोंडात समुद्र मावतो. डोंगर मावतात. त्यात तुझा तो दात मला कसा कळावा? तुझ्या आधीही मी कूस बदलत होते. तुझी आजी जन्मायच्या आधीपासून. वाईट सवय आहे माझी."

तिला पटलं की नाही ते मला आजही माहीत नाही. मग म्हणाली, "तरी काढते."

"काढ," मी म्हटलं. "पण हळू."

तिनं पकड लावली. दोन्ही पाय रोवले. 'हं' करून ओढला आणि दात हातात घेऊन मागे पडली. मी अशी बोंब ठोकली की पलीकडच्या गल्लीतली कुत्री भुंकायला लागली. पोरं नाचली. कुणीतरी हिरडीतल्या भोकात कापूस कोंबला, कारण रक्त यायला नको.

दालिला उठली. हातात दात. "आता हा कौलावर टाकायला हवा," ती म्हणाली.

सगळ्यांनी वर बघितलं. गल्लीत कौल एकही उरलं नव्हतं. पत्रेच पत्रे. सगळ्यांत जवळ मिनेर्वाची खोली, उतरता पत्रा, उन्हात चकाकत होता. दालिला त्याच्या समोर गेली, थोडी लांबच थांबली, आणि दात फेकला. पत्र्यावर तो टण्णकन वाजला आणि घरंगळत तिच्या पायाशी आला.

पुन्हा फेकला. पुन्हा आला.

तिचा चेहरा मी पाहिला. त्या संध्याकाळचाच चेहरा तो, मी न पाहिलेला. माझ्यानं बघवेना. मी पुढं धावणार होते, दे इकडे, मी फेकते, मी शिडी लावते. हिमेनानं माझा परकर धरला. "ना ओडिलिया, थांबा," ती कुजबुजली.

दालिला दाताकडे बघत होती. तो उन्हानं वरून वाळला होता. तिनं तो तोंडाजवळ नेला, त्यावर चांगली थुंकली, दोन्ही तळव्यांत मळला. पुन्हा थुंकली. ओला, मऊ, चिकट केला. महिनाभर मातीत बसलेली पोर होती ती. मग हात मागे घेऊन तिनं तो फेकला.

थप्प.

चिकटला. पत्र्याच्या मधोमध, डांबराच्या थेंबासारखा. गल्लीनं जो गलका केला तसा आमच्या उत्सवातही होत नाही. इल्दाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती आब्दिएलला कडेवर घेऊन नाचवत होती, त्याचं वजन विसरून.

"आतून दिसतो का बघते," दालिला म्हणाली आणि दारातून आत गेली.

आम्ही तशाच्या तशा उभ्या राहिलो. मिनेर्वानं माझा दंड धरला, तिची नखं रुतली. आतून आवाज आला, "आई, इथून दिसत नाही! पण इथं ऊन येतंय एका भोकातून. भाकरीसारखं." मिनेर्वा नुसती मान हलवत होती, जसं काही पोरगी तिला बघत होती.

आणि तेव्हाच जमीन हलली.

मोठं नव्हतं. त्या वर्षी असली रोज व्हायची. पण पत्रे खडखडले, विजेच्या तारा हेलकावल्या, आणि सवयीप्रमाणे ज्याच्या त्याच्या दारातून माणसं रस्त्यावर आली. मिनेर्वा दाराकडे झेपावली. इल्दा आब्दिएलला टाकून रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिली, एका पायात चप्पल, डोळे मिटून देवाचं नाव घेत.

दालिला दारातून बाहेर आली. पळत नाही, चालत. आईच्या अंगावरून पुढं गेली, मावशीपाशी थांबली आणि तिचा झगा ओढला.

"घाबरू नकोस मावशी. बोळकी आहे ती आता. नुसती चघळतेय."

तारा हलायच्या थांबल्या. दालिलानं कान देऊन ऐकलं, मान डोलावली आणि परत आत गेली. मिनेर्वा उंबऱ्यात बसली आणि मोठ्यानं रडायला लागली, वडील गेल्यावर रडली नव्हती तशी. मी तिच्याजवळ बसले. आतून पोरीचा आवाज येत होता, ती भोकातून आलेलं ऊन मुठीत धरायला बघत होती.

त्या रात्री मिनेर्वानं आत दोन झुले बांधले. इल्दा मात्र काही केल्या आत झोपायला तयार होईना. बदाम आणि खांब यांच्यामधला झुला रिकामाच होता, त्यात झोपली ती, डोक्यावरून पांघरूण घेऊन. दालिला अधूनमधून दारात येऊन तिला हाक मारत होती, "ये ना आत, मी आहे ना."